पाना मालकाच्या हाती

बैलगाडी जुंपण्यापूर्वी आखाला वंगण घालावे, चाकाची खीळ नीट बसली आहे ना ते पाहावे, जू आणि दोर तपासावेत, हे तुम्हांला कोणत्या पुस्तकात वाचावे लागले नाही. बापाने मुलाला दाखविले, मुलाने त्याच्या मुलाला. चाकाची धाव सैल झाली तर लोहार होता, आरा मोडला तर सुतार होता. म्हणजे गाडीचे निम्मे दुखणे घरी बरे होई आणि उरलेले निम्मे गावात. गाडी ज्याची, तिची विद्याही त्याचीच, असा तो साधा व्यवहार होता.

पुढे मोटारगाडी आली. ती शहरात जन्मली, धनिकांच्या दारात उभी राहिली आणि तिच्याबरोबर एक नवा माणूस आला, तो म्हणजे मिस्त्री. आता तुम्ही म्हणाल, मोटार हे बिकट यंत्र. त्याला मिस्त्री हवाच. खरे आहे. पण मोटारीचा इतिहास नीट पाहिला, तर एक गोष्ट लक्षात येते. मोटार खऱ्या अर्थाने खेड्यात शिरली, ती मालकाने स्वतः हातात पाना घेतला तेव्हाच. तो पाना त्याच्या हाती कसा आला, आणि पुढे कसा निसटू लागला, ती हकीगत आज सांगायची आहे. दारात मोटार नसली तरी पंप आहे, फटफटी आहे, ट्रॅक्टर आहे. तेव्हा ही हकीगत तुमच्याही कामाची आहे.

आरंभ करू एका सासुरवाशिणीपासून. जर्मनीतल्या मानहाइम गावी कार्ल बेंझ नावाचे एक यंत्रज्ञ राहत. २९ जानेवारी १८८६ रोजी त्यांनी आपल्या तीनचाकी मोटारीचे पेटंट मागितले. गाडी तयार होती, पण ती घेण्याचा विश्वास लोकांना वाटत नव्हता. तेव्हा १८८८ च्या ऑगस्ट महिन्यात त्यांची पत्नी बेर्था हिने नवऱ्याला न सांगता गाडी बाहेर काढली, ऑयगन आणि रिचर्ड या दोन मुलांना बरोबर घेतले आणि थेट माहेरची वाट धरली. माहेर होते फोर्झहाइमला, शंभर किलोमीटरहून थोडे अधिक दूर. एवढ्या लांबचा मोटारप्रवास त्याआधी कोणी केला नव्हता.

वाटेत काय काय झाले ते ऐका. इंधन संपत आले. पेट्रोलपंप तर जगात कुठेच नव्हता. वीसलोख गावच्या औषधवाल्याकडे कपड्यांचे डाग काढण्याचे एक द्रव्य मिळे, तेच तिने विकत घेतले आणि टाकीत ओतले. पुढे इंधनाची नळी तुंबली. तिने आपल्या टोपीची लांब टाचणी काढून नळी मोकळी केली. विजेच्या तारेवरचे आवरण झिजले, तर मोजाबंदाचा तुकडा त्यावर गुंडाळला. लाकडी ब्रेक झिजले, तेव्हा एका चांभाराकडून त्यांवर कातडे ठोकून घेतले. चढावर मुलांनी खाली उतरून गाडी ढकलली. परत आल्यावर तिने नवऱ्याला सांगितले, की चढासाठी आणखी एक गियर हवा. आणि बेंझ यांनी तो बसविला.

जगातल्या पहिल्या लांब मोटारप्रवासातली दुरुस्ती अशी एका गृहिणीने, हाताशी असलेल्या वस्तूंनी केली, हे विसरू नये. मोटारीचे काम म्हणजे पुरुषाचेच काम, असे ज्यांना वाटते त्यांनी तर मुळीच विसरू नये.

पण बेर्थाबाईंपाशी एक गोष्ट होती, ती इतर गिऱ्हाइकांपाशी नव्हती. ती गाडी तिच्या डोळ्यांसमोर घडलेली होती. बाकीच्यांचे काय? त्या काळी प्रत्येक मोटार बरीचशी हातानेच घडवीत. एका गाडीचा भाग दुसरीला जसाच्या तसा बसत नसे. कारागीर कानस घेऊन तो घासूनपुसून जमवून घेई. आपल्या सुताराने एका गाडीसाठी केलेले चाक दुसऱ्या गाडीच्या आखावर लगेच चपखल बसेलच असे नाही, तसेच हे. अशा स्थितीत घरी दुरुस्ती करायची म्हटले तरी सुटा भाग आणायचा कुठून?

याचे उत्तर १९०८ साली इंग्लंडात ब्रुकलंड्सच्या मैदानावर जगाला दिसले. अमेरिकेच्या कॅडिलॅक कंपनीच्या एकाच बनावटीच्या तीन गाड्या तिथे आणल्या. रॉयल ऑटोमोबाइल क्लबच्या देखरेखीखाली त्या पार खोलल्या आणि तिन्ही गाड्यांचे भाग एका ढिगात मिसळून टाकले. काही भाग बाजूला काढून त्यांच्या जागी विक्रेत्याच्या साठ्यातले नवे भाग घातले. मग कारागिरांना हत्यारे दिली ती फक्त पाने आणि पेचकस. कानस नाही, हातोड्याने ठोकाठोकी नाही. त्या ढिगातून पुन्हा तीन गाड्या उभ्या राहिल्या आणि पाचशे मैल धावल्या. त्या वर्षीची मानाची ड्यूअर ट्रॉफी कॅडिलॅकला मिळाली.

मंडळी, ही नुसती करामत नव्हती. एकाच मापाचे, अदलाबदल करता येणारे भाग असतील, तर घासून जमविण्याचे कसब नसलेला माणूसही जुना भाग काढून नवा बसवू शकतो, हे त्या दिवशी सिद्ध झाले. घरच्या दुरुस्तीचा पाया खरा इथे घातला गेला.

त्याच १९०८ सालच्या १ ऑक्टोबरला अमेरिकेत हेन्री फोर्ड यांनी आपली ‘मॉडेल टी’ गाडी बाजारात आणली. फोर्ड हे शेतकऱ्याचे पोर. १८६३ साली मिशिगन प्रांतात त्यांचा जन्म झाला. लहानपणी शेजाऱ्यापाजाऱ्यांची घड्याळे दुरुस्त करून देण्याचा त्यांना नाद होता. शेतावरच्या कष्टांचा त्यांना कंटाळा होता, पण शेतकऱ्याचा स्वभाव त्यांना पुरता ठाऊक होता. शेतकऱ्याला चकचकीत गाडी नको असते, चिखलातून निघणारी हवी असते. आणि बिघडली तर तिथल्या तिथे खोलता येणारी हवी असते.

त्याआधी अमेरिकन खेडुतांना मोटारीचा मोठा राग होता. शहरातले श्रीमंत लोक धूळ उडवीत येत, घोडे बुजवीत, कोंबड्या चिरडीत. खेड्यातले लोक मोटारीला सैतानाची गाडी म्हणत. त्याच खेडुतांनी मॉडेल टी मात्र आपली म्हटली. का? एक कारण किंमत. १९०८ मध्ये पाच माणसांची गाडी ८५० डॉलरला होती. १९१३ साली हायलंड पार्कच्या कारखान्यात सरकत्या साखळीवर जुळणी सुरू झाली. साऱ्या गाडीचा सांगाडा जुळवायला पूर्वी बारा तासांवर वेळ लागे, तो पुढे दीड तासावर आला. १९२५ च्या सुमारास तिचा सर्वांत स्वस्त प्रकार २६० डॉलरला मिळू लागला. १९२७ मध्ये ती बंद झाली, तोवर दीड कोटीहून अधिक गाड्या निघाल्या होत्या.

दुसरे कारण आपल्या विषयाचे. ती गाडी समजण्यासारखी होती. तिच्या इंजिनाला चार सिलिंडर, आणि त्यांचे डोके म्हणजे वरचे झाकण बोल्ट काढून सुटे करता येई. झाकण काढले की आतले पिस्टन समोर. काजळी खरवडून काढा आणि पुन्हा बसवा. पाणी फिरवायला पंप नव्हता. गरम पाणी हलके होऊन वर चढते, थंड पाणी जड म्हणून खाली येते, एवढ्या नियमावर पाणी आपोआप फिरे. शाळेत गुरुजी शिकवितात तोच हा नियम. पेट्रोलचेही तसेच. टाकी बैठकीखाली होती आणि पेट्रोल निव्वळ उतारानेच इंजिनाकडे वाहत जाई, जसे टाकीतले पाणी नळाला येते. त्यामुळे गंमत अशी होई, की टाकीत पेट्रोल कमी असताना सरळ चढ लागला म्हणजे इंजिनाची पातळी टाकीपेक्षा वर जाई आणि पेट्रोल पोचत नसे. मग लोक गाडी फिरवून उलटी चढवीत! कारण माहीत असले म्हणजे उपायही सुचतो, याचा हा मासला.

आत गियरच्या पेटीत तीन पट्टे असत आणि त्यांना सुती अस्तर असे. ते झिजले की पाय दाबूनही गाडी ऐकत नसे. वरचे झाकण काढून पट्टे आवळणे, आणि अगदीच झिजले तर नवे अस्तर बसविणे, ही कामे कितीतरी शेतकरी आपल्या गोठ्याशेजारी करीत. सुट्या भागांची किंमतींसह छापील यादी मिळे. सीअर्स रोबकसारखी दुकाने टपालानेही वस्तू पाठवीत. थंडीत रात्री पाणी गोठून इंजिन फुटू नये म्हणून ते काढून ठेवायचे आणि सकाळी गरम पाणी ओतून गाडी जागी करायची, हे घरातली पोरेसुद्धा शिकली.

मग शेतकऱ्याने आणखी एक पाऊल टाकले. मागचे एक चाक जॅकवर उचलायचे, त्यावरून पट्टा फिरवायचा आणि त्या पट्ट्यावर लाकडाची करवत, मक्याचे दाणे सोडविण्याचे यंत्र, पाण्याचा पंप, घरातले कपडे धुण्याचे यंत्र चालवायचे. गाडी कंपनीने दिली प्रवासाला. शेतकऱ्याने तिला घाण्याच्या बैलासारखी कामाला जुंपली. ज्याला यंत्र उघडता येते, त्यालाच ते वळविता येते.

गाडीच्या अंतरंगाचीही गोष्ट सांगायला हवी, कारण माणूस इंजिनावर बसत नाही, गादीवर बसतो. आरंभीच्या मोटारींच्या बैठका घोड्यांच्या बग्ग्यांप्रमाणेच केलेल्या असत. खाली स्प्रिंगा, वर घोड्याचे केस किंवा कापूस, आणि त्यावर कातडे. कातडे महाग पडू लागले, तेव्हा कापडावर रासायनिक लेप देऊन खोटे कातडे करू लागले. इंग्लंडात मँचेस्टरच्या बाजूला बनणाऱ्या अशाच एका कापडाचे नाव होते ‘रेक्झिन’. ते नाव आपल्याकडे इतके रुजले, की आज वेगळ्याच प्लॅस्टिकचा लेप असलेल्या कापडालाही आपला गादीवाला रेक्झिनच म्हणतो. उन्हाने असा लेप वाळतो, त्याला तडे जातात, आणि स्प्रिंग खालून टोचू लागते. उसवलेली शिवण वेळीच घातली तर गादी वाचते. गोधडी शिवणाऱ्या हातांना हे शिकवावे लागत नाही.

आता दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. घरच्या दुरुस्तीने पैसा वाचविला, तसे हातही मोडले. मॉडेल टी हँडल मारून सुरू करावी लागे. सुकाणूजवळची ठिणगीची कळ मागे न ओढता हँडल मारले, तर इंजिन उलटा झटका देई आणि मनगट मोडे. बंद खोपटात इंजिन चालू ठेवून काम करणाऱ्यांचे जीव गेले. कारण धुरातल्या कार्बन मोनॉक्साइड वायूला ना वास, ना रंग. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली शिरणे तेव्हाही जिवावरचे होते आणि आजही आहे. म्हणून केवळ धाडस पुरत नाही, शिक्षण लागते. इथे गुरुजींचा प्रवेश होतो.

फोर्ड कंपनीने मालकांसाठी जी पुस्तिका काढली, ती प्रश्नोत्तरांच्या रूपात होती. गाडी सुरू करण्यापूर्वी काय पाहावे, पाणी तापले तर काय करावे, असे मालकाला पडणारे प्रश्न आणि त्यांची साध्या भाषेतली उत्तरे. इकडे सरकारही जागे झाले. १९१७ साली अमेरिकेत स्मिथ-ह्यूज कायदा झाला आणि शाळांतून शेती व धंदेशिक्षण देण्यासाठी केंद्राचा पैसा मिळू लागला. खेड्यातल्या शाळांत शेतीच्या तासाबरोबर अवजारे आणि इंजिने यांची दुरुस्तीही शिकविली जाऊ लागली. यंत्र आणि भाग यांच्या जोडीला विद्या पोचविणारा माणूस मिळाला, तेव्हा साखळी पुरी झाली.

ही विद्या कोणाला कमीपणा आणणारी नाही, याचा दाखला दुसऱ्या महायुद्धात मिळाला. १९४५ साली इंग्लंडची राजकन्या एलिझाबेथ, जी पुढे राणी झाली, ती स्त्रियांच्या सहायक लष्करी दलात दाखल झाली आणि तिने वाहन चालविण्याचे व दुरुस्तीचे शिक्षण घेतले. राजकन्येचे हात वंगणाने काळे झाले. मुकुटाला काही डाग लागला नाही.

युद्धानंतर पुस्तकांनी मोठे काम केले. इंग्लंडात जॉन हेन्स नावाचा विद्यार्थी होता. त्याने शाळेत असतानाच जुन्या ‘ऑस्टिन सेव्हन’ गाडीवरून स्वतःची गाडी तयार केली आणि १९५६ मध्ये त्यावर एक लहान पुस्तिका काढली. पुढे हवाई दलात असताना एडन येथे मित्राची गाडी दुरुस्त करताना त्याच्या ध्यानी आले, की कंपनीची पुस्तके सामान्य माणसासाठी लिहिलेलीच नाहीत. म्हणून त्याने गाडी खोलताना पायरीपायरीने छायाचित्रे घेतली. १९६६ मध्ये त्याचे पहिले दुरुस्ती-पुस्तक निघाले. गाडी प्रत्यक्ष खोलायची, पुन्हा जोडायची आणि मगच लिहायचे, हा त्याचा नेम. अमेरिकेत १९६९ साली जॉन मुइर या अभियंत्याने फोक्सवॅगन गाडीवर असेच पुस्तक लिहिले, तेही अगदी अडाणी मालकाला समजेल अशा बोलीत. दोन्ही पुस्तके तुफान खपली. करून पाहिलेले लिहिले आणि लोकांच्या भाषेत लिहिले, की लोक वाचतात. शिक्षक बंधुभगिनींनी हे जरूर ध्यानात घ्यावे.

कधी कधी पाना हातात येतो तो हौसेने नव्हे, गरजेने. क्यूबा बेटात १९५९ साली क्रांती झाली. त्यानंतर अमेरिकेने व्यापार बंद केला आणि नव्या अमेरिकन मोटारी व त्यांचे भाग येईनासे झाले. तिथल्या लोकांनी १९५० च्या आसपासच्या गाड्या मिळेल तो भाग बसवून, नसेल तो घडवून दशकानुदशके चालविल्या.

आपल्याकडेही थोडे तसेच झाले. स्वातंत्र्यानंतर परदेशी गाड्यांवर निर्बंध होते आणि देशात बनणाऱ्या गाड्यांचे प्रकार हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. बंगालात उत्तरपाडा येथे १९५७ पासून ‘अँबॅसेडर’ निघे. ती २०१४ पर्यंत निघत राहिली. आपल्या मुंबईत कुर्ल्याला सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी उभारलेल्या प्रीमियर कंपनीत फियाट गाडी बने. तिचेच नाव पुढे ‘पद्मिनी’ झाले. मुंबईची ती काळीपिवळी टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये रस्त्यावरून निवृत्त झाली. नवी गाडी मिळायला तेव्हा वर्षानुवर्षे थांबावे लागे, ही तक्रार रास्तच होती. पण गाडी फारशी बदलत नसल्यामुळे तिचे भाग तालुक्याच्या बाजारात मिळत आणि तिची नाडी गावोगावच्या मिस्त्रींना, टॅक्सीवाल्यांना आणि कितीतरी मालकांना पाठ झाली होती. प्लग काढून घासणे, कार्ब्युरेटर साफ करणे, पंक्चर काढणे ही कामे लोक सर्रास दारात करीत.

मग पाना निसटला कसा? १९८० नंतर हळूहळू मोटारीत इलेक्ट्रॉनिक यंत्रणा आल्या. धूर कमी झाला, पेट्रोल कमी लागू लागले, गाडी क्वचित बिघडू लागली. हा फायदा खराच आहे आणि तो नाकारू नये. पण त्याबरोबर दोष ओळखण्याची किल्ली पेचकसाकडून संगणकाकडे गेली. अमेरिकेत १९९६ पासून नव्या मोटारींना दोष वाचण्यासाठी एकसारखी जोडणी सक्तीची केली, ती प्रामुख्याने धुरावर नजर ठेवण्यासाठी. तिचा लाभ बाहेरच्या मिस्त्रींना आणि मालकांनाही झाला. पुढे तेवढी माहिती पुरेना. म्हणून मॅसॅच्युसेट्स राज्यात २०१२ साली मोटारदुरुस्तीच्या हक्काचा कायदा झाला.

ट्रॅक्टरचे दुखणे त्याहून मोठे. ऐन सुगीत यंत्र अडले, दोष किरकोळ निघाला, तरी कंपनीच्या माणसाने संगणक लावून परवानगी दिल्याशिवाय ते सुरूच होईना, अशी अमेरिकन शेतकऱ्यांची तक्रार होती. पेरणी असो वा कापणी, शेताचे काम कोणासाठी थांबत नाही, हे तुम्हांला मी काय सांगावे! ते शेतकरी एक झाले, त्यांनी दाद मागितली, आणि कोलोरॅडो राज्याने २०२३ मध्ये शेती-यंत्रांच्या दुरुस्तीचा हक्क देणारा कायदा केला. आपल्या देशातही केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली. तिच्या विषयांत शेतीची यंत्रे आणि मोटारगाड्या या दोहोंचा समावेश होता.

आता या साऱ्या हकीगतीचे सार काय? मालकाच्या हाती पाना राहायचा असेल, तर तीन गोष्टी लागतात. यंत्र उघडण्यासारखे असावे, त्याचे भाग मिळावेत, आणि त्याची माहिती लोकांच्या भाषेत असावी. बेर्थाबाईंपाशी माहिती होती, म्हणून टोपीची टाचणी कामास आली. मॉडेल टीच्या मालकाकडे तिन्ही होत्या, म्हणून त्याने गाडीवर करवत चालविली. यांतली एक जरी गोष्ट कमी पडली, तरी मालक नावाचाच मालक उरतो.

याचा अर्थ सगळेच घरी करावे असा नाही. ब्रेकची यंत्रणा, धडकेच्या वेळी फुगणारी हवेची पिशवी, विजेवर चालणाऱ्या गाडीतला जबर दाबाचा विद्युत्प्रवाह, यांना जाणकाराखेरीज कोणी हात लावू नये. पण टायरमधली हवा, तेलाची पातळी, पाणी, हवेच्या गाळणीतली धूळ, बॅटरीच्या टोकांवर जमणारा पांढरा क्षार, उसवलेली गादी, हे तर आपले आपण पाहू शकतो. इंजिन थंड असताना, गाडी सपाट जागी उभी करून, सोबत आलेली पुस्तिका समोर ठेवून पाहावे. ती पुस्तिका पेटीत कुलूपबंद ठेवण्यासाठी दिलेली नसते. नवे यंत्र घेताना विक्रेत्याला जरूर विचारावे, याचे भाग कुठे मिळतील, किती वर्षे मिळतील आणि माहिती मराठीत आहे का? गिऱ्हाइकाने विचारले नाही, तर विकणारा आपण होऊन कशाला सांगेल?

आणि गुरुजी, तुमच्या शाळेत गावातला एखादा मिस्त्री एक दिवस बोलवा. टेबलावर एक जुने इंजिन खोलून मांडा. पाणी गरम होऊन वर का चढते, ठिणगी कशी पडते, वंगण नसेल तर पोलाद पोलादाला कसे खाते, हे मुलांनी आणि मुलींनी हात काळे करून पाहू द्या. आखाला वंगण घालायला बापाने शिकविले. इंजिनाला वंगण का लागते, ते शाळेने शिकवावे.